चिठ्ठीबाहेरचं झाड

जमादार शेजारच्या कडूबाच्या ओट्यावर तासभर बसला होता, तेव्हाच म्हाळसाबाईनं ओळखलं की आपलं नाव तिथूनच निघालं. पिशोरच्या बाजारात कडूबाला वैद्याची चिठ्ठी तिनंच तोऱ्यात दाखवली होती. "औरंगपुऱ्याच्या वैद्यानं लिहून देलंय. आता आपल्याला झाडाची मुभा हाय." आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता, पण राग मात्र कडूबाचा आला.

आता जमादार पोलीस पाटील बद्रीनाथला घेऊन दारात उभा होता. म्हाळसाबाईनं चिठ्ठी पुढं केली. आत तिचा नवरा मल्हारी कण्हत होता. कर्करोग हाडांत उतरल्यापासून चिठ्ठीतल्या तेलाच्या थेंबाशिवाय त्याचा डोळा लागत नसे.

जमादारानं चिठ्ठी दोनदा वाचली. "मावशी, हे तेल भांगेच्या झाडाचं हाय. वैद्यानं लिहून देलं तर घेता येतं. झाड मात्र लावता येत नाय. एक असलं तरी गुन्हा."

"तेल चालतं, अन् ज्याचं निघतं ते झाड चालत नाय?"

"कायदा तसा हाय."

"मंग आमच्याकडं नाय झाड."

तिनं बद्रीनाथकडं पाहिलं. मागं त्याच्या बैलाचं पोट फुगलं, तेव्हा तो याच दारातून भांगेचा पाला घेऊन गेला होता. आता तो स्वतःच्या चपलांकडं बघत होता. हा तोंड उघडतो की काय, अशी तिला भीती वाटली.

जमादार घरामागं गेला. तिथं ओल्या मातीचे तीन खड्डे होते.

"इथं काय व्हतं?"

"वांगी. मेंढरानं खाल्ली."

खाल्ली होती हे खरंच. तासाभरापूर्वी तिनं तिन्ही झाडं उपटून मेंढरांपुढं टाकली होती. पुरावा पोटात गेला की काम झालं, असं तिला वाटलं होतं. आता सहाच्या सहा मेंढरं एकमेकांच्या अंगावर माना टाकून पडली होती. जमादारानं टाळी वाजवली. एडक्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

"वांगी खाऊन?"

"ऊन लई हाय साहेब," बद्रीनाथ हळूच म्हणाला.

जमादारानं घरातलं कण्हणं ऐकलं. मग चिठ्ठी परत दिली. "बाटलीत तेल हाय ना शिल्लक?"

"हाय," ती म्हणाली.

बाटली रिकामी होऊन पंधरवडा झाला होता. तेव्हापासून ती मल्हारीला पालाच वाटून देत होती. पहिल्या दिवशी तेलाच्या वासावरूनच तिनं ओळखलं होतं की हा आपल्या परसातलाच पाला.

मोटारसायकलचा आवाज नाल्यापलीकडं गेला. आतून मल्हारीनं विचारलं, "गेले का? मंग दे की जरा वाटून."

म्हाळसाबाई उंबऱ्यावरच बसली. मागं मेंढरं गाढ झोपली होती.