घर दाखवायचा खेळ

मुलांनो, थोडा वेळ तुम्ही तिरेसा व्हा. वय आठ. अंगात रविवारचा फ्रॉक, खांद्याला आईची जुनी पर्स, आणि तुम्ही घर विकत घ्यायला आलेल्या बड्या बाई आहात. वाजवा दार!

"या, बाईसाहेब," आईनं दार उघडलं. ती रात्रभर इस्पितळाच्या फरश्या पुसून आली होती. डोळे लाल होते, तरी हसली.

"छप्पर गळतं का?" तिरेसानं नाक वर करून विचारलं.

"मागच्या खोलीत. कोपऱ्यात. जोराचा पाऊस असला तरच."

"अगं आई, असं सांगितलंस तर आपलं घर घेईल कोण?"

"विचारलं की खरंच सांगायचं. नाहीतर लायसन्स जातं. आणि 'आपलं घर' नाही, 'हे घर' म्हणायचं. पुन्हा बोल."

"हे घर," तिरेसा म्हणाली.

घरं विकायचं लायसन्स मिळावं म्हणून मालिया, म्हणजे तिरेसाची आई, कधीपासून अभ्यास करत होती. पुस्तक उघडायची आणि त्यावरच डोकं टेकून झोपायची. शेवटी तिरेसानंच हा खेळ काढला. आई एजंट, ती गिऱ्हाईक. मागच्या अंगणातल्या खोलीत राहणाऱ्या घरमालकीण कॉरीआजी घर विकणाऱ्या झाल्या.

"मालिया, इतकं खरं बोललीस तर माझं दिवाळं काढशील," आजी म्हणायच्या.

"खेळातच ना, आजी?" तिरेसा खिदळायची.

आजी चहा ढवळत राहायच्या. साखर कधीच विरघळलेली असायची.

एका संध्याकाळी आई म्हणाली, "शनिवारी माझी खरी परीक्षा. जमलं, तर ऑफिसात टेबल मिळेल. नाही जमलं, तर आहेच फडकं न् बादली."

"आणि जमलं तर रात्री तू घरी झोपशील?"

"हो."

"माझ्याशेजारी?"

"तुझ्याशेजारी. लाथा मारू नकोस म्हणजे झालं."

तिरेसाला एवढंच हवं होतं.

शुक्रवारी फाटकाशी 'घर विकणे आहे' असा फलक लागला. परीक्षेचा काय हा थाट, तिरेसाला वाटलं. शनिवारी दोघींनी भिंतीवरचे फोटो उतरवले. बघायला येणाऱ्याला स्वतःच इथे राहतोय असं वाटायला हवं, त्याच्यापुढे दुसऱ्याचे आजोबा कशाला! आजोबा, चपला, टूथब्रश, सगळं खोक्यात आणि खोकं गाडीच्या डिकीत. ओव्हनमध्ये नारळाच्या दुधातले पाव घातले, घरभर वास सुटावा म्हणून.

दाराच्या चौकटीवर तिरेसाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. आईनं ओलं फडकं घेतलं. ते बराच वेळ एकाच रेघेवर फिरत राहिलं.

"पूस गं," तिरेसा म्हणाली. "खेळ संपला की पुन्हा काढू."

माणसं आली, कपाटं उघडून गेली. एक तरुण जोडपं मात्र रेंगाळलं. बाईचं पोट पुढे आलेलं होतं.

"मागच्या खोलीत ओल दिसते," ती म्हणाली. "गळतं का गं?"

तिरेसानं आईकडे पाहिलं. आई छताच्या पंख्याकडे बघत होती.

"हो, जोराच्या पावसात," तिरेसा म्हणाली. "पण खाली बादली ठेवायची. टप टप ऐकत इतकी छान झोप लागते! बाळालासुद्धा लागेल. हे घर फार चांगलं आहे."

बाई हसली. तिनं नवऱ्याचा हात धरला.

संध्याकाळी ते दोघं परत आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सह्या झाल्या. आजींनी डोळे पुसले. मोठी माणसं काय झकास नाटक करतात, तिरेसाला वाटलं. आईनं तिच्या हातात लांब लाल पट्टी दिली. तिनं ती फाटकाच्या फलकावर तिरकी चिकटवली: 'विकले'.

"पास झालीस?"

"झाले गं."

आई पायरीवर बसली. जोडप्याची गाडी गेली, तशा आजी शेजारी येऊन टेकल्या.

"लायसन्स हातात आल्यावर पहिलंच घर, आणि पहिल्याच शनिवारी विकलंस," आजी हळूच म्हणाल्या. "मी लेकाकडे पर्थला जायचं थोडं लांबवते. तोवर तुम्ही दुसरं घर बघा, सावकाश. पोरीला सांगितलंस?"

आईनं मान हलवली. नाही.

तिरेसा तोवर डिकीतून खोकं घेऊन आत पळाली होती. तिनं आजोबांना त्यांच्या खिळ्यावर टांगलं, पेन्सिल शोधली, दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली आणि हाक मारली, "आई, संपला ना खेळ? ये, रेघ काढ."