गारठ्यात ठेवलेलं गाणं

तलगातने बायकोचा कॉम्प्युटर उचलून बाल्कनीत ठेवला, त्याची झाकणं काढली आणि दाराच्या फटीतून वायरी आत ओढल्या. बाहेर उणे तीस अंश. कारागांडा शहराचं आभाळ कोळशाच्या धुराने राखाडलेलं.

"नको ना हात लावूस," रौशन म्हणाली. "मी शूट केलेली लग्नाची फिल्म आहे त्यात. पाठवणीला नवरीची आजी गायलीय. ती गेली आता. आज संध्याकाळी तिच्या सातव्या दिवसाच्या जेवणाला माणसं जमतील, त्यांना ते गाणं ऐकायचंय. कॅमेऱ्याची कार्डं पुसलीत मी. आहे ते एवढंच."

"म्हणून तर! हा प्रोसेसर घरात रांगतो. वेग वाढवावा तर तापतो. आता एवढी फुकटची थंडी पडलीय, पळवूया की!"

"पळवायची हौस असेल तर स्वतःला पळव. दुपारपर्यंत लोळतोस."

तो हसला आणि वेगाचा आकडा चढवत गेला. यंत्र खरंच पळालं. फिल्म किती तयार झाली ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी सरसर भरू लागली. तो आकडा शेजारच्या मित्राला सांगायला तलगात लगेच जिना उतरला. रौशन पीठ मळायला गेली. शेगडीवर मांस रटरटत होतं, घरभर वाफ होती.

सासूबाई झोपेतून उठल्या. काचेपलीकडे सुनेचं यंत्र उघडंवाघडं पडलेलं, त्याच्या पत्र्यावर हिमाची पांढरी लव. पूर्वी माळावरच्या घरी असल्या गारठ्यात नुकतंच जन्मलेलं कोकरू त्या आपल्या शालीखाली घालून आत आणायच्या. त्यांनी ते तसंच चालू, वायरींसकट आत घेतलं, हीटरपाशी ठेवलं, वर आपली शाल पांघरली.

पत्र्याला घाम फुटला. थेंब आत ओघळले. फट्‌ आवाज झाला, जळका वास सुटला, पडदा विझला.

रौशन पिठाच्या हातांनी धावत आली. तिने फिल्म असलेली आतली डिस्क काढून पाहिली. काळी पडली होती.

"अपा, काय केलंत हे!" परत आलेला तलगात दारातूनच आईवर ओरडला.

"गारठलं होतं रे ते." म्हातारीने यंत्रावरची शाल बाजूला केली. "सूनबाई, मी मारलं का गं त्याला?"

"नाही, अपा. तुम्ही त्याला घरात घेतलंत."

फोन वाजला. नवरीचा होता. रौशनने तो उचलून नवऱ्याच्या कानाला लावला.

"म्हण," ती म्हणाली. "आजीचं गाणं म्हण."