लाल टबातली शिट्टी

मुलांनो, कर्जतमधली एक लहानशी खोली मनात आणा. खाली औषधांचं दुकान, वर ही खोली. भिंतीवर ओठांची नि जिभेची चित्रं, जमिनीवर चटई, चटईपाशी बुटकं टेबल. टेबलावर दोन टब. हिरव्यात धुतलेली खेळणी, लाल टबात कुणाच्या तरी तोंडात जाऊन आलेली. न बोलणारी मुलं इथे बोलायला शिकतात. दाराजवळच्या बाकावर नऊ वर्षांची सुरभी बसली आहे. तुम्हीही तिच्या शेजारी बसा. जागा आहे.

सुरभीच्या मांडीवर तिचा भाऊ होता, पदू. तीन वर्षांचा. त्याच्या तोंडून अजून एक शब्द आला नव्हता. सदऱ्याच्या आत, छातीच्या मधोमध, हृदयाच्या ऑपरेशनचा उभा व्रण. बाजूला त्यांची आजी, जानकीबाई.

चटईवर, बोलायला शिकवणाऱ्या सुप्रियाताईंसमोर पाच वर्षांची मनाली गाल फुगवून शिट्टी वाजवत होती. तिची शिकवणी संपली. शिट्टी लाल टबात टाकून ती बाकाशी आली आणि पदूच्या तोंडाशी वाकली.

"ह्यो मुका हाय का?"

"मने, गप!" तिची आई ओरडली.

"मी पन मुकीच होते. शिट्टी वाजवली न् बोलाया लागले. आता आई दिवसभर म्हनते, गप बस."

तिची आईसुद्धा हसली. जानकीबाई हसल्या नाहीत. त्या टबातल्या शिट्टीकडे बघत राहिल्या.

मनाली दाराबाहेर पडली आणि जिन्यात खोकली. कोरडा, घोगरा, कुत्रं भुंकावं तसा खोकला. हातमोजे काढता काढता सुप्रियाताई थांबल्या. "अहो, थांबा जरा!" म्हणत, मास्क सारखा करत त्या जिन्याकडे गेल्या.

जानकीबाई उठल्या आणि त्यांनी लाल टबात हात घातला.

"आजी, ती धुवायची हाय," सुरभी म्हणाली.

"धुतल्यावर मंग काय राह्यलं तिच्यात?"

जानकीबाईंच्या गावात न बोलणाऱ्या लेकराला पोपटानं टोचलेला पेरू चारतात. पदूसाठी त्या पहाटे उठून दुसऱ्यांच्या परसात झाडाखाली वेचत फिरल्या होत्या. लोक हसले. पदू पेरू खात गेला आणि गप्पच राहिला.

"पोपट म्हंजे पाखरू," त्या पुटपुटल्या. "हितं तर मानसाच्या पोरीचं उष्टं हाय. बोलत्या झालेल्या पोरीचं." आणि शिट्टी त्यांनी पदूच्या ओठांत दिली.

पदूनं फुंकली. नुसतीच हवा गेली. त्यानं पुन्हा फुंकली. शिट्टी वाजली. तो दचकला, मग हसला, आणि शिट्टी तोंडातून काढून म्हणाला, "बा."



"आयकलंस? आयकलंस का गं, सुरभे?" आजीचे डोळे भरून आले. त्यांनी शिट्टी पदरानं पुसली आणि लाल टबात परत ठेवली. "कुनाला बोलू नको हां. बाई आपल्याला परत येऊ द्यायची नाय."

सुप्रियाताई आत आल्या. त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, नवे हातमोजे चढवले आणि लाल टब उचलून लांब कोपऱ्यात नेऊन ठेवला. मग त्या बाकापासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या.

"आजी, नीट ऐका. मनालीची आई आत्ता सांगत होती, तिच्या चुलतभावाला परवा दवाखान्यात ठेवलंय. घटसर्प झालाय त्याला. त्यात घसा आतून भरून येतो, श्वास कोंडतो. मनालीला सकाळी ताप होता, तो औषध पाजून उतरवला आणि तिला इथे आणली. का, तर शिकवणीची पाळी चुकू नये."

"अरे देवा," जानकीबाई म्हणाल्या.

"पदूच्या लशी ऑपरेशनपायी राहिल्यात. त्याचं हृदय अजून कच्चं आहे. त्यानं इथलं काही तोंडात घातलं का? घातलं असेल तर तसं डॉक्टरांना सांगायला हवं. आत्ता, लगेच. औषध आजच सुरू करता येईल. उद्या कळून उपयोग नाही."

"नाय वो, बाई. आमी हातसुदीक नाय लावला."

बोलता बोलता जानकीबाईंनी पदराखाली सुरभीचं मनगट धरलं.

पदूनं कोपऱ्यातल्या टबाकडे हात लांबवला. "बा," तो म्हणाला. "बा, बा."

सुप्रियाताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "हा... बोलला?"

"बोलतोय की! आता बोलाया लागला." जानकीबाईंचा आवाज चिरकला. "म्हनून म्हनते बाई, आमचं येनं बंद नका करू. तुमच्या पाया पडते."

ताईंनी कोपऱ्यातल्या टबाकडे पाहिलं. मग पदूकडे. मास्कच्या वर त्यांचे डोळे बारीक झाले. "सुरभी," त्या हळूच म्हणाल्या, "तू सांग बाळा."

मनगटावरची पकड घट्ट झाली. सुरभीनं आजीकडे पाहिलं. आजी मान हलवत होती, नको, नको, आणि रडत होती.

सुरभीनं एकेक बोट उलगडून आपलं मनगट सोडवलं. पदूला उचलून ती खिडकीपाशी उजेडात गेली, त्याला ताईंसमोर उभं केलं आणि त्याची हनुवटी खाली ओढली.

"आ कर, पदू," ती म्हणाली. "ताईंना घसा दाखव. मनालीची शिट्टी तोंडात घातलीवतीस ना."