कागदावरच्या बावीस पोरी

“ओटीपी सांग लवकर! टाइम जाऊन राहिला!” नितेश समोरच्या खोलीतून ओरडला. त्याच्या पुढ्यात लॅपटॉप उघडा होता.

गीतांजलीनं मोबाइल पाहिला. सहा आकडे आले होते. दर जुलैत यायचे, आणि ती पोळ्या लाटता लाटता ते वाचून दाखवायची. तेवढ्यात तिचं आयकराचं रिटर्न भरून व्हायचं. आज तिनं गॅस बंद केला आणि मोबाइल घेऊन दारात येऊन उभी राहिली.

“आधी सांगा, माह्या शिवणक्लासात औंदा किती पोरी दाखवल्या?”

“बावीस. तुले कायले पायजे?”

राजापेठेत नितेशचं भांड्यांचं दुकान होतं. चालायचंही जोरात. पण कर भरायचा म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. सहा वर्षांपूर्वी एका सल्लागारानं त्याला तोड सांगितली. थोडी कमाई बायकोच्या नावावर दाखवा, कर कमी बसेल. झालं! कागदावर ‘गीतांजली शिवणक्लास’ सुरू झाला. महिन्याच्या महिन्याला दुकानातलेच पैसे फी म्हणून तिच्या खात्यात पडू लागले. पासबुक नितेशच्या कपाटात.

आणि त्याच उन्हाळ्यात तिनं खराखुरा क्लास काढायचं म्हटलं होतं. शेंदूरजनाघाटच्या तिच्या आईनं संत्र्याच्या पैशातून घेऊन दिलेली मशीन घरात होती. नितेशनं साफ धुडकावलं होतं. “बायकोच्या कमाईवर जगते म्हनतीन लोकं मले. माह्या घरात हे चालनार नाई.” मशीन चादरीखाली गेली. चादरीवर रद्दी साचली.

मागच्या महिन्यात ती रद्दी काढताना जुन्या रिटर्नांची फाइल हाती लागली. सल्लागारानं सगळा हिशेब नीट मांडला होता. पहिल्या वर्षी बारा पोरी, मग पंधरा, मग बावीस. गीतांजली खाली बसून सगळं वाचत राहिली. तिला हसू आलं, मग संताप आला. दुसऱ्या दिवशी ती आधार कार्ड घेऊन बँकेत गेली.

आज ती ओटीपी न सांगता उभी असतानाच दारात मालवाहू ऑटो थांबला. ऑटोवाला एकेक करून पाच कोऱ्या शिलाई मशिनी ओट्यावर उतरवू लागला.

“हे कोनाचं?” नितेश उठलाच.

“क्लासचं. लॅपटॉप उचला, हे खोली पायजे मले. चार वाजता पोरी येतीन.”

“पैसे कोठून आनले?”

“माह्या खात्यातून.”

“ते पैसे माहे होते!”

“तुमचे?” गीतांजलीचा आवाज जराही चढला नाही. “मंग जा न, आयकरवाल्याईले सांगा तसं.”

नितेशनं लॅपटॉप मिटून उचलला. ओट्यावर ऑटोवाला भाड्यासाठी खोळंबला होता. गीतांजलीनं आपल्या पर्समधून त्याला पैसे दिले, आणि आईच्या मशीनवरची चादर ओढून काढली.

“आन पुढच्या साली बावीस लेहू नका,” ती म्हणाली. “सध्या नऊच हायेत.”