लाल दिव्यांची वाट

शर्वरी आणि इंदूमावशी काळकाईच्या देवराईत शिरल्या तेव्हा वाटेवरचे दिवे हिरवे होते. अर्ध्या चढावर ते लाल झाले.

"कुणीतरी डहाळी मोडलीय," सोबत चाललेला राघो गुरव म्हणाला.

देवराईतलं पानही न्यायचं नाही, ही रीत जुनीच. पण डोंगरमाथ्यावरच्या संशोधन केंद्राने झाडांचे गंध वाचणारे दिवे वाटेवर लावल्यापासून गुरवाला पहारा करावा लागत नसे. मोडलेल्या डहाळीचा गंध जिथे जाई तिथली झाडं अस्वस्थ होत आणि तिथले दिवे लाल होत. लाल दिव्यांखालून देवळात जायचं नाही, असं गावाने ठरवलं होतं.

"मी नाही हो काही तोडलं," मावशी म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "सासूबाई शेवटचं पाणी मागत होत्या, तेव्हा रागाने उठले नव्हते मी. तेच काढलं देवीने."

शर्वरीच्या पिशवीत केंद्रातल्या प्रयोगासाठी वाटेत गुपचूप खुडलेली अंजनीच्या झाडाची डहाळी होती. तिने बोलायला तोंड उघडलं, पण गुरव तिच्याकडेच बघत होता.

"माझा गुडघा दुखतोय, मावशी. मी खाली जाते. तू थोडं थांबून बघ."

ती उतरू लागली तसे लाल दिवेही तिच्याबरोबर उतरले, आणि वरचा एकेक दिवा हिरवा होत गेला. मावशीचं तोंड देवळाकडे होतं, गुरवाचं मात्र खाली.

"शर्वरी," मावशीचा रडवेला आवाज आला, "माफ केलं गं तिने मला."

गुरवाने शर्वरीवरची नजर काढली आणि मावशीला वर चलायची खूण केली.

"केलं ना," शर्वरी म्हणाली, आणि पिशवी छातीशी धरून लाल उजेडात उतरत राहिली.