टाळकऱ्यामागची खुर्ची

सप्ताहाची व्यवस्था बघणाऱ्या अप्पारावानं प्लास्टिकची खुर्ची आणून बराबर पुंजारामच्या मागं ठेवली. "काका, दमले की टेका. कोणी हसणार न्हाई."

पुंजारामनं पायानंच ती मागं सारली आणि गळ्यातल्या टाळांची दोरी नीट केली. वाटूरच्या सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. मागच्या साली याच मांडवात, कीर्तन ऐन रंगात असताना, त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. दोघांनी बखोटीला धरून त्याला बाहेर नेलं. टाळकऱ्यानं उभं राहायचं असतं. बसला तो श्रोता. यंदाही बसावं लागलं तर त्याची जागा दुसऱ्याला जाणार. अप्पाराव तसं बोलला नव्हता. पण खुर्ची मागं होतीच.

वर्षभर पुंजारामनं नेम मोडला नव्हता. बदनापूरच्या फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या होत्या, गुडघे झिजले ते झिजले, आता त्यांचं ओझं मांड्यांनी उचलायचं. त्यांनी एक निळा रबरी पट्टाही दिला. पहाटे देवापुढं हात जोडून झाले की पुंजाराम पट्टा अडकवून पाय ताणायचा, मग भिंतीला पाठ लावून अर्धा बसायचा, उठायचा. त्याची बायको द्वारकाबाई चुलीपुढून बघत हसायची. म्हातारपणी पैलवानकी सुचून राह्यली, म्हणायची. गुडघे तिचेही कुरकुरायचे, पण दवाखान्याचं नाव काढलं की ती विषय बदलायची. तिच्या हसण्याचं पुंजारामला काही नव्हतं. पट्टा मात्र ठेवलेल्या खुंटीवर कधी सापडायचा नाही. सरपणाची मोळी बांधायला नेती का, म्हणून त्यानं सुनेला, शीतलला, कितीदा तरी टोकलं होतं.

कीर्तन चढत गेलं. महाराजांनी गोपाळांच्या शिदोऱ्या सोडल्या, अख्खा मांडव डोलू लागला. पुंजाराम पावली टाकत होता. मांड्या तापल्या, थरथरल्या. गुडघा ढळला नाही. पांडुरंगानं आतून उभं धरावं तसा तो उभा होता. शेवटी त्या खुर्चीवर अप्पारावच बसला.

हंडी फुटली. आरतीला लोक उठू लागले, आणि पुंजारामनं बायांकडं मान वळवली. द्वारकाबाई मांडवाच्या मधोमध बसली होती. एरवी ती खांबापाशी बसायची. खांब धरल्याशिवाय तिला उठताच यायचं नाही. शेजारच्या बायांनी हात पुढं केले. तिनं ते हळूच बाजूला सारले. एक पाऊल पुढं रोवलं, अंग झुकवलं, मांडीवर जोर घेतला आणि उठली. थेट बदनापूरच्या बाईंनी त्याला शिकवलं होतं, तशी. पदर सावरून तिनं त्याच्याकडं पाहिलं.

अख्ख्या कीर्तनात न चुकलेला टाळ चुकला.

"दमले का काका?" अप्पाराव लगबगीनं खुर्चीवरून उठला.

"न्हाई रे." पुंजारामनं उपरण्यानं डोळे टिपले. "माझा पट्टा रोज कोन पळवून राह्यलं व्हतं, ते आत्ता कळालं."