पाडव्याचं उटणं

आजार कळल्यापासून विश्रामनं बायकोला अंगाला हात लावू दिला नव्हता. प्रोस्टेटचा कॅन्सर, दुखणंच असं, की तिच्याशीही बोलायची चोरी. किरणांच्या उपचाराला जाई, घरी येई आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही.

दिवाळीच्या पाडव्याला शेवंतानं पाट मांडला. "वर्षाचा मान आहे माझा. आज नाही म्हणायचं नाही."

कोमट तेलाचा हात खांद्यावरून उतरला नि त्याचे डोळे मिटले. ती गुणगुणत होती, 'राजाच्या माझ्या अंगी, हळदीचं ऊन बाई.' उटण्याच्या वासावर तरंगत तो पार लग्नमांडवात पोचला. तिनं पाठ चोळली, पोट चोळलं, तरी त्याला लाज आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी मशीनखाली तो आडवा झाला, तशी तंत्रज्ञ मुलगी दचकली. "काका, पोटावरच्या खुणा कुठे गेल्या? त्या बघूनच किरण नेमके लावतो आम्ही! आता स्कॅन करून पुन्हा आखायला हव्यात."

बाहेर येऊन त्यानं बाकावर बसलेल्या बायकोला सांगितलं. शेवंताचा चेहराच उतरला. "माझ्याच हातानं घात केला हो तुमचा!"

"घात कसला? पुन्हा आखतायत. तू आत चल. कुठं हात लावायचा नाही, ते नीट बघून घे."

"मला? आत?" तिनं डोळे पुसले. "आणि बाकीचं?"

"बाकीचा सगळा तुझाच की गो," तो म्हणाला, नि दार उघडून तिच्यासाठी थांबला.